सोमारीच्या कॅसेटसाठी एक कार्ड

घुग्घुसच्या बसस्टँडवरून खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला, गुलाम रसूलचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवरची अक्षरं कोळशाच्या धुळीत कधीच बुडाली होती, तरी कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. रेडिओ खरखरला, टेपनं कॅसेट गिळली, भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर घुमायला लागला, की लोक म्हणत, "रसूलभाऊकडे ने." तीस वर्षं तो त्याच लाकडी स्टुलावर बसत आला होता, आणि तीस वर्षांत त्याच्या हातापेक्षा त्याच्या कानाचं नाव जास्त झालं होतं.

त्याची एक रीत होती. आलेली वस्तू तो आधी उघडत नसे. नुसती चालू करी, आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवी आणि काहीही वाजत नसताना कान लावून बसे. गिऱ्हाईक चुळबुळ करी. मग तो बटण बंद करून सांगे, "कंडेन्सर गेला," नाहीतर, "हेड घासलं." उघडल्यावर बहुतेक वेळा तेच निघे. हे त्याला नागपूरच्या उस्तादानं शिकवलं होतं. यंत्र वाजत असलं की त्याचे दोष गाण्याखाली लपतात, म्हणून ते गप्प असताना ऐकायचं, एवढंच उस्तादाचं सांगणं होतं. रसूलनं ते आयुष्यभर पाळलं.

त्याची बायको आबिदा अहेरीची. दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस तो तिला घेऊन सासुरवाडीला जाई. पण रिकामं बसणं त्याला जमत नसे. पत्र्याच्या पेटीत डाग देण्याची इस्त्री, मीटर, रबरी पट्टे असं थोडं सामान घेऊन तो आलापल्लीच्या बाजारात जायचा आणि एका शिंप्याच्या ओट्यावर, त्याच्याच विजेवर, दिवसभर दुरुस्त्या करायचा. जंगलातल्या गावांचे लोक आपापले टेप आणि रेडिओ फडक्यात बांधून आणत.

तिथंच ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्याची लालसूशी ओळख झाली. लालसू आलापल्लीच्या लाकूड डेपोत मजूर होता. गाव आत, जंगलात, बोरमेट्टा. त्यानं आणलेल्या टेपचा पट्टा तुटला होता. रसूलनं नवा पट्टा घातला, कोरी कॅसेट लावली आणि म्हणाला, "बोला कोणीतरी. भरून पाहू दे, आवाज नीट येते का नाई."

लालसू लाजला. त्याच्या शेजारी त्याची आई सोमारी चारोळीची टोपली घेऊन बसली होती. तिनं गोंडीत मुलाला काहीतरी विचारलं आणि गायला लागली. आवाज जाड, खालचा, जमिनीलगत चालल्यासारखा. नावं येत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक नावानंतर ती थोडी थांबत होती. शिंप्यानं मशीन थांबवली. बाजूच्या मिरचीवालीशी भाव करणारे गप्प झाले. रसूलला फक्त आवाज नीट येतो की नाही तेवढंच पाहायचं होतं, अर्धा मिनिट पुरलं असतं. पण त्याचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलंच नाही. कॅसेटची एक बाजू संपून ते बटण आपोआप वर उडालं, तेव्हा ती थांबली.

"मेलेल्यांचं गाणं हाये," लालसूनं हळूच सांगितलं. "आमच्या घरचे जे जे गेले, त्यायचे नावं. बाप गेला औंदा. ते म्हणते, औंदा दुसरं गाणं तोंडात येतच नाई."

रसूलनं त्या दुरुस्तीची मजुरी घेतली नाही.

त्यानंतर दहा वर्षं गेली. दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर लालसू एका दुपारी घुग्घुसच्या दुकानात येऊन उभा राहिला. केस पिकले होते. त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती कॅसेट काढली आणि टेबलावर न ठेवता रसूलच्या हातात दिली.

"माय गेली, रसूलभाऊ. पावसाळ्यात."

रसूलनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग लालसूनं सांगितलं. माघात सोमारीच्या नावानं दगड उभा करायचा होता. त्या वेळी घरातल्या गेलेल्यांची नावं आईच्या क्रमानं घ्यायची, आणि तो क्रम पूर्ण कुणालाच येत नव्हता. तिच्याकडून शिकू, शिकू म्हणता राहून गेलं. आता तेवढी ही कॅसेट उरली होती. चुलीवरच्या फळीवर दहा वर्षं धुरात आणि ओलीत पडून होती. महिन्याभरापूर्वी त्यानं एकदा लावून पाहिली, तर सुरुवातीलाच फीत अडकली आणि कुं-कुं आवाज करत ओढली गेली. त्यानं घाबरून काढून घेतली ती पुन्हा लावलीच नाही.

रसूलनं फीत पेन्सिलीनं थोडी बाहेर ओढली, उजेडात धरली. बोटाला तपकिरी भुकटी लागली.

"लालसू, खरं सांगतो. हे एकदा वाजंल. दुसऱ्यांदा वाजंल का नाई, मी सांगू शकत नाई."

"मंग एकदाच लावा. पण असं लावा का ते कुठीतरी राह्यलं पाह्यजे."

दुसऱ्या कॅसेटवर उतरवणं सोपं होतं, पण त्यात मूळची खरखर दुप्पट होते, हे रसूल जाणून होता. आणि नावं पाठ करायची तर पुन्हा पुन्हा वाजवणं आलं, म्हणजे तीही कॅसेट घासणार. घरी जेवताना त्यानं ही गोष्ट काढली, तेव्हा त्याची मुलगी रुबीना म्हणाली, "अब्बा, कंप्युटरमधी घेऊ ना. एकदा आत गेलं का मंग कितीही वेळा वाजवा, घासत नाई. त्याच्यावरून पाह्यजे तेवढ्या कॅसेटा भरता येते."

रुबीना चोवीस वर्षांची होती आणि चंद्रपुरात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासनं जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा त्यातलं एक तिनं घरी आणलं होतं. पुढच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, आबिदानं विणलेल्या रुमालाखाली ते बसलं होतं. त्यात टायपिंग व्हायचं, हिशेबाचे तक्ते व्हायचे. आवाज मात्र नव्हता. क्लासमध्ये तीस मशिनी एकदम बोलायला नकोत म्हणून त्यात साउंड कार्डच बसवलेलं नव्हतं.

"कार्ड घ्यावं लागंल," रुबीना म्हणाली. "हलकंच पाहू. सध्या भारीतलं नाई होणार आपल्यानं."

"हलकं चालंल," रसूल म्हणाला. "फक्त निवडून घ्यावं लागंल. ते माझ्यावर सोड."

चंद्रपूरच्या बाजारात जिशानचं कंप्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जिशानचे वडील रसूलचे जुने स्नेही, त्यामुळे तो रसूलला चाचा म्हणे. त्यानं काउंटरवर तीन कार्डं मांडली. एक मोठ्या रंगीत खोक्यातलं, पाच स्पीकरचं, खेळ खेळणाऱ्यांसाठी. रसूलनं ते लगेच बाजूला सारलं. एका बाईच्या एका आवाजाला पाच स्पीकर काय करायचे? उरली दोन. पहिलं कोरं, हाताच्या पंजापेक्षा लहान, चकचकीत. दुसरं लांबट, जुनं, कुणाच्या तरी जुन्या कंप्युटरमधून काढलेलं, कडेला थोडं काळवंडलेलं.

रसूलनं आधी पाठीमागची भोकं पाहिली. माइकचं भोक वेगळं आणि टेपची वायर लावायचं वेगळं, असं दोन्हींत होतं. ते नसतं तर त्यानं कार्ड हातातही घेतलं नसतं, कारण टेपचा आवाज माइकच्या भोकात घातला की फाटतो. मग त्यानं जुनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्यावर कंडेन्सर मोठे होते, आणि आवाजाच्या भागाला वीज वेगळी साफ करून देणारा एक लहान भाग कोपऱ्यात बसवला होता. कुणीतरी विचार करून बनवलेलं होतं ते. नव्यावर तसलं काहीच नव्हतं.

"चाचा, जुन्याचा आवाज चांगला हाये म्हणते लोक," जिशान म्हणाला. "पण त्याची गॅरंटी मी नाई देऊ शकत. नव्याले सालभराची हाये."

"दोन्ही लावून दाखव."

जिशाननं दुकानातल्या कंप्युटरात आधी नवं लावलं, मग जुनं. रसूलनं हेडफोन कानांवर दाबला, आवाज पूर्ण वाढवायला सांगितला आणि डोळे मिटले. काहीही वाजत नव्हतं. नवं कार्ड गप्प होतं. जुनं कार्डही गप्प होतं. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. त्याला थोडं नवल वाटलं. हलकं कार्ड इतकं शांत कसं? पण कानावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती. हात जुन्या कार्डाकडे वळत होता, आणि कान सांगत होता की दोन्ही सारखीच आहेत. सारखीच असतील तर गॅरंटीवालं का सोडायचं?

"दोन्ही सारखेच हाये," असं जिशानला सांगून त्यानं नवं घेतलं.

रविवारी दुपारी रुबीनानं कार्ड बसवलं. आधी दुसरीच एखादी कॅसेट भरून पाहू, असं दोघांचं ठरलं होतं. रसूलनं टेपला वायर जोडली, कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट लावली. रुबीनानं हेडफोन घातला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अब्बा, हे कढईत काई तळून राह्यले असं येऊन राह्यलं. आन मी माउस हलवला का किर्र होते. ऐका."

रसूलनं हेडफोन घेतला. लग्नातला बँड ऐकू आला, बायकांचं बोलणं आलं. कॅसेट थांबवली. शांत.

"कोणता आवाज?" त्यानं विचारलं.

रुबीना माउस हलवत होती. त्याच्याकडे बघत होती. "आता होऊन राह्यला ना, अब्बा. किर्र, किर्र."

"आता?"

"हो. आता."

त्यानं हेडफोन दुसऱ्या कानावर दाबला. मग पहिल्या. खोलीत पंखा फिरत होता, आणि त्याला एकदम जाणवलं की पंख्याच्या कडीचा तो बारीक कुरकुर आवाज, ज्यासाठी त्यानं किती वेळा तेल घातलं होतं, तो आपल्याला कित्येक दिवसांत आलेला नाही. आपण समजत होतो, तेलानं तो गेला.

स्वयंपाकघराच्या दारात आबिदा उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मले चार सालापासून मालूम हाये. कुकरची शिट्टी झाली तरी तुम्ही उठत नाई. दारची घंटी वाजते, तुम्ही पेपर वाचत बसता."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? लोक तुमच्या कानाचं नाव घेऊन दुकानात येते. मी कशी बोलू?"

रसूल उठून बाहेर गेला. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते. त्यांची घरघर त्याला स्वच्छ ऐकू येत होती, आणि म्हणूनच इतकी वर्षं काही कळलं नव्हतं. जाड आवाज सगळे येत होते, बारीक आवाज तेवढे एकेक करून निघून गेले होते. त्याला कोरपन्याचा पत्रू आठवला. पत्रूनं भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर दोनदा परत आणला होता, बारीक शिट्टी येते म्हणून. दोन्ही वेळा रसूलनं कान लावून, त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, "काई नाई येत. तुमच्या गावच्या लाइनीचा दोष हाये." पत्रू तिसऱ्यांदा आला नाही. भांडलाही नाही. असे किती पत्रू चार वर्षांत मुकाट्यानं परत गेले असतील?

त्या दिवशी तो जेवला नाही. पण उरलेली दुपार त्यानं विचारात काढली आणि दिवस मावळायच्या आत रुबीनाला म्हणाला, "उद्या तू क्लासले जाशील तवा मी येतो. कार्ड बदलून आणू."

जिशानच्या दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. रुबीनाला वाटलं, अब्बा काहीतरी सबब सांगतील. रसूलनं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"जिशान, कार्डाची काई चूक नाई. निवडणाऱ्याची हाये. माझे कान गेले. बारीक आवाज मले येतच नाई. त्या दिवशी मी तुह्या दुकानात झूठ नाई बोललो, पण जे बोललो ते खरं नव्हतं."

जिशाननं जुनं कार्डही त्याच पिशवीत घातलं. "चाचा, दोन्ही घेऊन जा. घरी लावून पाहा. जे पसंत पडंल ते ठेवा, दुसरं वापस आणा."

जुन्या कार्डाची सीडी हरवलेली होती. रुबीनानं क्लासच्या इंटरनेटवरून ते चालवायचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवला, दोन फ्लॉप्यांवर मावला. रसूलनं तिला कार्ड अगदी खालच्या जागेत बसवायला सांगितलं, वीज येणाऱ्या डब्यापासून आणि पडद्याच्या कार्डापासून जमेल तितकं दूर. टेपचा आणि कंप्युटरचा प्लग त्यानं एकाच पट्टीवर घेतला, नाहीतर घूं-घूं येते म्हणून. मग तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"आता मी सांगतो तसं ऐक. गाणं नाई ऐकायचं. काईच वाजत नाई तवा ऐकायचं. तळल्यासारखं येते का?"

"थोडं. पाऊस दूर पडून राह्यला असं."

"माउस हलव."

"काई नाई."

"घूं-घूं?"

"नाई."

असं तासभर चाललं. काय ऐकायचं हे त्याला ठाऊक होतं, आणि ऐकू तिला येत होतं. तीस वर्षांत जे त्यानं कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं, ते सांगताना त्याला अडखळायला होत होतं. खरखर आणि फरफर यांत फरक काय, हे सांगायला त्यानं एकदा तांदूळ सुपात घोळून दाखवले.

मग रुबीनानं त्याला पडद्यावर एक गोष्ट दाखवली. काहीही न वाजवता तिनं दोन्ही कार्डांवर दहा-दहा सेकंदांची शांतता भरून ठेवली होती, आणि कंप्युटर ती रेघ काढून दाखवत होता. रेघ पुष्कळ मोठी केल्यावर नव्या कार्डाची जाड दिसली, सुतळीसारखी, सगळीकडून केस निघालेली. जुन्या कार्डाची बारीक होती. मधे कुठं एखादं टोक, बस.

रसूल पडद्याला नाक लागेल इतका पुढे झुकला. जे त्याच्या कानातून गेलं होतं, ते डोळ्यांसमोर होतं. रुबीनानं पाहिलं, त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं बोटानं ती बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाला, "हेच ठेवू."

त्या आठवड्यात रसूल कोरपन्याला जाऊन आला. पत्रूचं घर शोधून काढलं, अॅम्प्लिफायर परत आणला, रुबीनाच्या कानानं शिट्टी शोधली आणि नीट करून स्वतः पोचवला. पत्रूनं चहा पाजला.

सोमारीच्या कॅसेटसाठी त्यांनी एक रविवार ठरवला, सकाळी दहाचा, कारण त्या वेळी वीज जात नसे. लालसू आदल्या दिवशीच आला होता. रसूलनं जुनी डबी उघडून फीत चाकांसकट नव्या डबीत बसवली. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. फीत आधी हातानं, पेन्सिलीनं, टोकापर्यंत नेऊन परत आणली, म्हणजे चिकटलेले वेढे सुटे होतील. रुबीनानं हेडफोन घातला. लालसू भिंतीला टेकून जमिनीवर बसला. आबिदानं दार लावून घेतलं आणि तीही बसली.

आधी फक्त बाजार ऐकू आला. मग सोमारी.

पुढं जे झालं ते रसूलला अपेक्षित नव्हतं. स्पीकर हळू ठेवला होता, तरी तिचा आवाज त्याला जसाच्या तसा आला, एकही धागा कमी नाही. तो आवाजच जाड होता, खालचा होता, त्याच्या कानांत जे काही शिल्लक होतं नेमकं तिथं येऊन बसणारा. शिंप्याचा ओटा, चारोळीची टोपली, सगळं त्याला दिसलं. लालसूनं डोळे मिटून घेतले होते. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

सातव्या मिनिटाला रुबीनानं हात वर केला. आवाज दबत चालला होता. भुकटी हेडवर बसत होती. रसूलनं टेप थांबवला, हेड पुसलं, पुन्हा सुरू केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा, विसाव्या मिनिटाच्या सुमाराला, टेपमधून कुं-कुं आवाज उठला आणि त्यानं बटण दाबेपर्यंत फीत चाकात गेली. त्यानं ती चिमट्यानं, श्वास रोखून, सोडवली. तुटली नव्हती. पण वीतभर भाग कोरा झाला होता, वरचा थर निघून आरपार दिसत होता. पुढचं सगळं नीट वाजलं.

वीतभर फीत म्हणजे चार-पाच सेकंद. एक नाव.

"माझ्या हातानं गेलं," रसूल म्हणाला. "लालसू, माझ्या हातानं गेलं."

"तुमच्या हातानं राह्यलं, भाऊ," लालसू म्हणाला. "एक गेलं."

रुबीनानं हळूच सांगितलं की ती कोरी जागा कापून टाकता येईल. मागचं-पुढचं जोडलं तर कुणाला कळणारही नाही की मधे काही होतं.

"नाई, बाई," लालसू म्हणाला. "तिथी कोणीतरी हाये. ते जागा राहू द्या. नाव नाई माहीत तर आम्ही तिथी थांबू."

तिनं ती जागा तशीच ठेवली. त्याच कार्डातून आवाज परत बाहेर काढून चार कॅसेटी भरल्या, कारण बोरमेट्ट्यात वाजवायला टेपच होता, आणि एक सीडी क्लासमधून करून आणली. चारही कॅसेटी लालसूनं धोतराच्या फडक्यात एकेक करून वेगळ्या गुंडाळल्या.

माघात रसूल आणि रुबीना बोरमेट्ट्याला गेले. आलापल्लीहून जीपनं, मग नाल्यापासून पायी. गावाबाहेर सागाच्या झाडांखाली आधीच्या पिढ्यांचे दगड उभे होते, काही झुकलेले, काही वेलींत गेलेले. सोमारीचा दगड माणसांनी वाशांवर बांधून आणला होता. रसूल परका माणूस, म्हणून एका बाजूला उभा राहिला. लालसूनं येऊन त्याचा हात धरला आणि त्याला पुढे नेऊन बसवलं.

लालसूनं महिनाभर कॅसेट ऐकून नावं पाठ केली होती. तो उभा राहून एकेक नाव घेत गेला, आईसारखाच प्रत्येक नावानंतर थांबत. मग ती जागा आली. तो गप्प झाला. लोकांना वाटलं, विसरला. त्यानं गोंडीत सांगितलं की इथं मायनं एक नाव घेतलं होतं, ते फितीवरून गेलं, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

सोमारीची धाकटी बहीण बायनाबाई सिरोंच्याकडून आली होती. काठीवर हनुवटी टेकून ती बसली होती. तिनं एक नाव सांगितलं. लगेच पलीकडून लच्छू नावाचा म्हातारा, सोमारीचा दीर, मान हलवायला लागला. ते नाही, दुसरं. बायनाबाई चिडली. लच्छूही चढ्या आवाजात बोलू लागला. दोन्ही नावं खरी होती, दोन्ही माणसं त्याच घरातली होती. एक पुरात गेलेली बाई, आणि एक, जो ठेकेदाराबरोबर लाकूडतोडीला गेला तो परत आलाच नाही. यातलं सोमारीनं त्या दिवशी बाजारात कोणाचं घेतलं होतं आणि कोणाचं राहून गेलं होतं, हे आता सांगायला कोणी नव्हतं.

रसूलला हे भांडण नीट ऐकू येत नव्हतं. हलणारे ओठ आणि हात तेवढे दिसत होते. रुबीनालाही गोंडी येत नव्हती. शेजारच्या एका माणसानं तिला सांगितलं आणि तिनं ते रसूलच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

शेवटी लालसूनं हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यानं बायनाबाईनं सांगितलेलं नाव घेतलं आणि थांबला. मग लच्छूनं सांगितलेलं नाव घेतलं आणि थांबला. मग पुढे गेला. कुणी हरकत घेतली नाही. शेवटचं नाव सोमारीचं होतं. ते त्यानं घेतलं, तेव्हा माणसांनी दोर ओढले आणि दगड खड्ड्यात उभा राहिला.

परतीच्या वाटेवर नाल्यापाशी चपला हातात घेताना रसूल म्हणाला, "रुबीना, दवाखान्यात जाऊन येऊ आपण. कान दाखवून घेतो."

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळा. पुढं त्याला कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यातून सगळंच खरखरतं, असं म्हणून तो ते खिशात जास्त आणि कानात कमी ठेवी.

दुकान त्यानं बंद केलं नाही. आलेल्या प्रत्येकाला तो आधी सांगे, "माझ्या कानाचा भरोसा नाई आता. हात माझा, कान माह्या पोरीचा. चालंल का?" काही माणसं दुसरीकडे गेली. पुष्कळ राहिली. रुबीना क्लासला जायच्या आधी सकाळी तासभर दुकानात बसून ऐके आणि कागदावर लिहून ठेवी. तिच्या त्या चिठ्ठ्या बघून तो दिवसभर डाग देई. हळूहळू लोक कॅसेटी घेऊन यायला लागले. कुणाच्या बापाचं कीर्तन, कुणाच्या लग्नातली ओवी, दुबईला गेलेल्या भावानं पाठवलेलं बोलणं. ते सगळं त्याच जुन्या कार्डातून जाई.

लालसू दर वर्षी दिवाळीनंतर एकदा घुग्घुसला येत असे, चारोळीची पुडी घेऊन. आबिदा त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. जेवायला तो नेहमी रसूलच्या उजव्या हाताला बसे. त्या कानानं रसूलला थोडं बरं ऐकू येई.